जेफरसनच्या विद्यापीठातली पोरं: व्हर्जिनिया, १८२५ ते १८९५

रानजाई (धागाकर्ती)

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन विद्यार्थ्यांचा विषय निघाला की गाडी हार्वर्ड आणि येलवर येऊन थांबते. पहाटेची प्रार्थना, लॅटिनची घोकंपट्टी, पुढे पाद्री होणारी मुलं. मला लिहायचंय ते दक्षिणेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाबद्दल. त्याच्या पहिल्या सत्तर वर्षांबद्दल मिळेल ते मी वाचत आलेय आणि हा विषय डोक्यातून जात नाही.

७ मार्च १८२५ ला शार्लट्सव्हिल गावाबाहेर हे विद्यापीठ सुरू झालं. थॉमस जेफरसन तेव्हा ८१ वर्षांचा होता. दोनदा राष्ट्राध्यक्ष झालेला हा माणूस, पण आपल्या थडग्यावर त्या पदाचा उल्लेख नको, 'व्हर्जिनिया विद्यापीठाचा जनक' हे मात्र कोरा, असं त्याने लिहून ठेवलं होतं. इतका जीव त्याने यात ओतला. नकाशे त्याचे, अभ्यासक्रम त्याचा, ग्रंथालयासाठी पुस्तकांची यादीही त्याचीच.

मधोमध लांबट हिरवळ, तिला 'लॉन' म्हणतात. दोन्ही बाजूंना प्राध्यापकांची पाच-पाच दुमजली घरं आणि त्या घरांच्या मध्ये विद्यार्थ्यांच्या एकमजली ५४ खोल्या. सगळ्यांना जोडणारी खांबांची ओसरी. चौसोपी वाड्याची एक बाजू डोंगराकडे मोकळी सोडली तर कसं दिसेल, तसं. दुसऱ्या टोकाला रोटुंडा, रोमच्या पँथियॉनवरून बेतलेली घुमटाची इमारत. इतर कॉलेजांत ज्या जागी चर्च असायचं त्या जागी इथे ग्रंथालय. धर्मशास्त्राचा प्राध्यापकही नेमला नाही. लॉनच्या मागे दोन्हीकडे खोल्यांची आणखी एकेक रांग, तिचं नाव 'रेंज', आणि जेवणासाठी सहा खानावळी. त्या खानावळी फ्रेंच कुटुंबांना द्याव्यात, म्हणजे पोरं जेवता जेवता फ्रेंच बोलायला शिकतील, असाही जेफरसनचा विचार होता.

शिकवण्याची रीतही वेगळी. आठ विषयांची आठ 'स्कूल्स': प्राचीन भाषा, आधुनिक भाषा, गणित, भौतिकशास्त्र, रसायन आणि निसर्गविज्ञान, शरीरशास्त्र-वैद्यक, नीतिशास्त्र, कायदा. मुलाने वाटेल ते विषय निवडावेत. वर्गांची ठरलेली उतरंड नाही, सुरुवातीला बी.ए.सारखी पदवीही नाही. सोळा वर्षं पूर्ण झालेला मुलगा प्रवेश घेऊ शकत असे. एक प्राध्यापक आठवड्यात तीन दिवस, दर वेळी दोन तास शिकवायचा. बाकीचा वेळ मुलाचा. पोरांना मोठ्या माणसांसारखं वागवलं, शिक्षा कमी ठेवल्या, तर ती स्वतःवर राज्य करायला शिकतील, हा जेफरसनचा विश्वास होता.

हा विश्वास सात महिनेही टिकला नाही.

१ ऑक्टोबर १८२५ च्या रात्री चौदा विद्यार्थी तोंडाला मुखवटे बांधून लॉनवर जमले आणि युरोपियन प्राध्यापकांच्या नावाने आरडाओरडा करू लागले. पहिल्या आठांपैकी पाच प्राध्यापक युरोपातून मुद्दाम बोलावून आणलेले होते. एमेट आणि टकर हे दोन प्राध्यापक आवरायला बाहेर आले तर त्यांच्यावर विटा फेकल्या. दुसऱ्या दिवशी पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांनी मुखवटेवाल्यांची बाजू घेतली. इंग्लंडहून आलेले लाँग (Long) आणि की (Key) हे दोन प्राध्यापक राजीनामे द्यायला निघाले. दोनच दिवसांनी नियामक मंडळाची बैठक ठरलेलीच होती. विद्यार्थ्यांना रोटुंडात बोलावलं. समोर जेफरसन, शेजारी मंडळावरचा माजी राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन. जेफरसन उठला, हा आपल्या आयुष्यातला अतिशय वेदनेचा प्रसंग आहे एवढं म्हणाला आणि पुढे शब्द फुटेना. रडत खाली बसला. चॅपमन जॉन्सन नावाच्या सदस्याने बोलणं पुढे नेलं आणि गुन्हेगारांनी पुढे यावं म्हणून सांगितलं. ते एकेक करून आले. त्यात जेफरसनच्या नात्यातला एक मुलगा निघाला. त्यालाही काढून टाकण्यात आलं.

मग नियमांचा पाऊस पडला. पहाटे उठलंच पाहिजे. करड्या रंगाच्या ठराविक कापडाचा गणवेश. पैसे प्रॉक्टरकडे, म्हणजे विद्यापीठाचा कारभार बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जमा करायचे. पत्ते, दारू, शस्त्र, घोडा, कुत्रा, खासगी नोकर, सगळ्याला बंदी. आणि यातला जवळजवळ प्रत्येक नियम पोरांनी मोडला. मध्यरात्री डबे, शिंगं, ढोल बडवत लॉनवरून फिरायचं याला 'कॅलाथम्प' असं नाव होतं. १८३९ मध्ये दोन विद्यार्थ्यांनी गेस्नर हॅरिसन या प्राध्यापकाला चाबकाने मारलं.

हे सगळं 'तरुण रक्त' म्हणून सांगितलं जातं. मला ते पटत नाही. ही मुलं बहुतेक दक्षिणेतल्या मळेवाल्यांची. बोलायला लागल्यापासून त्यांनी मोठ्या माणसांना हुकूम सोडलेले होते. गुलाम ठेवणाऱ्या घरात मूल बापाचा संताप बघतं, त्याची नक्कल करतं आणि जुलूम करायला शिकतं, हे कुणी सांगितलं? जेफरसनने स्वतः, १७८० च्या दशकात, स्पष्ट शब्दांत. ज्याला हे माहीत होतं त्याने चाळीस वर्षांनी त्याच मुलांसाठी, गुलामांच्या हातून, स्वयंशासनाची शाळा बांधली. विटा भाजल्या गुलामांनी, जमीन सपाट केली गुलामांनी. विद्यार्थी अंथरुणातून उठायच्या आधी खोलीत येऊन शेकोटी पेटवणारा, पाणी भरणारा, बूट पुसणारा माणूस खानावळवाल्याचा गुलाम असायचा. अशा एकेका माणसाकडे वीसेक विद्यार्थ्यांची कामं असायची.

या विद्यापीठाच्या विद्यार्थिजीवनाबद्दल बोलायचं तर ती शेकोटी पेटवणाऱ्यापासून सुरुवात करावी लागेल, असं माझं म्हणणं आहे. तुम्हाला काय वाटतं, लिहा.

सह्यवारा

उत्तम धागा. दोन प्रश्न. एक, खर्च किती यायचा? दोन, पोरांचा दिवस कसा जायचा? नियम कळले, पण नुसत्या नियमांवरून आयुष्य कळत नाही.

रानजाई

@सह्यवारा, फीची पद्धत मजेशीर होती. एकाच प्राध्यापकाकडे शिकायचं तर वर्षाला ५० डॉलर, दोघांकडे तर प्रत्येकी ३०, तिघांकडे तर प्रत्येकी २५. म्हणजे तीन विषय घेणाऱ्याला ७५. खानावळ, खोलीभाडं, सरपण, मेणबत्त्या, धुलाई हे वेगळं. वर्षाचा सगळा मिळून खर्च किमान ३५० डॉलर धरला जायचा. साध्या शेतकऱ्याच्या आवाक्यातलं हे नव्हतं, त्यामुळे कोणाची मुलं येणार हे फीनेच ठरवून टाकलं होतं.

दिवस असा: रोटुंडाची घंटा झाली की उठायचं, मेणबत्तीच्या उजेडात न्याहारी, साडेसात ते साडेनऊ पहिलं व्याख्यान. दुपारी जेवण, मग ज्याला वाचायचं तो वाचत बसे आणि ज्याला वाचायचं नाही त्याच्यापुढे अख्खी दुपार मोकळी. वर्ष फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुरू होऊन डिसेंबरच्या मध्यापर्यंत चाले. उन्हाळ्याची सुट्टी नाही. व्हर्जिनियातला जुलै-ऑगस्ट त्या छोट्या खोल्यांत, दोघादोघांनी. हिवाळ्यात गारठा, उन्हाळ्यात ताप. विषमज्वराच्या साथी १८२९ मध्ये आल्या, १८५० च्या दशकाअखेर पुन्हा आल्या आणि त्यात विद्यार्थी दगावले.

रविवारी जेफरसन काही जणांना मॉन्टिसेलोवर, म्हणजे आपल्या घरी, जेवायला बोलवायचा. पाळीपाळीने सगळ्यांची वेळ यायची. १८२६ च्या जुलैपर्यंतच हे चाललं, कारण ४ जुलैला तो गेला.

वादविवाद मंडळाचा उल्लेख करायलाच हवा. जुलै १८२५ मध्ये विद्यार्थ्यांनी जेफरसन सोसायटी काढली. निबंध वाचायचे, ठराव मांडायचे, भांडायचे. ती आजही आहे. नंतर राष्ट्राध्यक्ष झालेला वुड्रो विल्सन १८७९-८० मध्ये कायदा शिकायला आला तेव्हा तोही या सोसायटीचा अध्यक्ष झाला होता.

उत्तररात्र

३५० डॉलरचा आकडा वाचून मी लगेच इथे आलो, कारण तो आकडा लेखक एडगर अ‍ॅलन पोच्या पत्रातला आहे. पो या विद्यापीठात १८२६ मध्ये होता. तेव्हा तो १७ वर्षांचा, आणि विद्यापीठ त्याच्या दुसऱ्याच वर्षात.

त्याने पुढे १८३१ मध्ये आपल्या पालक-पित्याला, जॉन अ‍ॅलनला, सगळा हिशेब लिहून पाठवला. ३५० लागत असताना तुम्ही मला ११० डॉलर देऊन पाठवलंत. त्यातले ५० खानावळीला आगाऊ, ६० दोन प्राध्यापकांना. मग खोलीभाड्याचे १५, बिछान्याचे १२, सामानाचे आणखी १२ कुठून आणायचे? म्हणजे पहिल्याच दिवसापासून उधारी. ज्या मुलांच्या घरी शेकडो एकर मळे त्यांच्या मध्ये हा अनाथ मुलगा राहत होता, आणि अ‍ॅलन काही गरीब नव्हता. पो जुगाराकडे वळला आणि हरत गेला. कर्ज साधारण २,००० डॉलरपर्यंत गेलं. प्राचीन आणि आधुनिक भाषा हे त्याचे दोन विषय, आणि वर्षाअखेरच्या परीक्षेत लॅटिन आणि फ्रेंचमध्ये चांगल्या विद्यार्थ्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. मुलगा अभ्यासात कच्चा नव्हता, हे लोक विसरतात.

त्या वर्षी मे महिन्यात जुगाराच्या चौकशीसाठी शेरीफ विद्यापीठात आला. त्याला बघून पोरं खिडक्यांतून उड्या टाकून जवळच्या रॅगेड माउंटन्स नावाच्या टेकड्यांत पळाली, त्यात पो होता असं सांगतात. सप्टेंबरच्या एका पत्रात त्याने वर्णन केलंय की दोन विद्यार्थ्यांच्या मारामारीत एकाने दुसऱ्याचा दंड खांद्यापासून कोपरापर्यंत चावून फाडला. पुढे भयकथा लिहिणाऱ्या माणसाने हे घरी सहज बातमी म्हणून कळवलं होतं.

विल्यम वर्टेनबेकर हा त्याचा सहाध्यायी. तो विद्यार्थी असतानाच जेफरसनने त्याला ग्रंथपाल नेमलं होतं. त्याची आठवण अशी: वर्ष संपताना एका थंड रात्री दोघे पोच्या खोलीवर आले. शेकोटी विझत आलेली, सरपण संपलेलं. पोने एक छोटं टेबल मोडून त्याच्या फळ्या आणि मेणबत्त्यांचे तुकडे टाकून आग पेटवली आणि जुगाराच्या कर्जाबद्दल बोलत बसला. हे कर्ज कायद्याने फेडायची सक्ती नव्हती, पण इज्जतीचं कर्ज म्हणून फेडलंच पाहिजे असं त्याला वाटत होतं. डिसेंबरात तो गेला तो परत आला नाही. वेस्ट रेंजवरची १३ नंबरची खोली त्याच्या नावाने जपून ठेवलीय, काचेतून बघता येते.

टाकदौत

रानजाई, तुमचा मुद्दा पटतो, पण गोष्ट १८४० वर थांबवली तर अन्याय होईल. त्याच मुलांनी पुढे स्वतःला बदललं, आणि तो बदल घडला एका खुनामुळे. ते इथे यायला हवं.

१८३६ मध्ये विद्यार्थ्यांच्या एका लष्करी तुकडीवरून प्राध्यापकांशी भांडण झालं. बंदुका ठेवायच्या की नाहीत हा वाद. सत्तरेक विद्यार्थ्यांना काढलं, दंगल झाली, मग समेट होऊन बऱ्याच जणांना परत घेतलं. तेव्हापासून दर १२ नोव्हेंबरला त्या दंगलीचा वाढदिवस गोळीबार आणि गोंधळ करून साजरा व्हायचा. १८४० च्या १२ नोव्हेंबरला रात्री मुखवटे घातलेले दोघे लॉनवर गोळ्या उडवत फिरत होते. कायद्याचे प्राध्यापक जॉन डेव्हिस घराबाहेर आले आणि एकाचा मुखवटा काढायला पुढे झाले. त्याने गोळी झाडली. दोन दिवसांनी डेव्हिस गेले. मारणारा कोण हे त्यांना कळलं होतं असं मानतात, पण मरेपर्यंत त्यांनी नाव घेतलं नाही.

आणि इथे पोरांनी पहिल्यांदा मुखवटेवाल्याची बाजू घेतली नाही. त्यांनीच शोधाशोध करून जोसेफ सेम्स या जॉर्जियाच्या विद्यार्थ्याला पकडून दिलं. त्याला जामीन मिळाला आणि तो परागंदा झाला, पण तो वेगळा विषय.

डेव्हिस यांच्या जागी आलेले हेन्री सेंट जॉर्ज टकर यांनी जुलै १८४२ मध्ये ठराव मांडला की परीक्षेत विद्यार्थ्यांवर पहारा नको. उत्तरपत्रिकेवर त्याने स्वतःच्या इज्जतीची शपथ घेऊन लिहावं की मला कुणाचीही मदत मिळालेली नाही. हीच 'ऑनर सिस्टिम'. गणवेशाचा आणि पहाटे उठण्याचा नियम हळूहळू गेले. दंगली ओसरल्या. जेफरसनला जे हवं होतं ते त्याच्या पश्चात सोळा वर्षांनी मिळालं, असं मी म्हणेन. एखाद्या संस्थेने पोरांवर विश्वास टाकला, तो तुटला, आणि तरी पुन्हा टाकला, याला मी कमी लेखणार नाही.

रानजाई

@टाकदौत, डेव्हिस यांच्याबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. तो प्रसंग मी मूळ लेखात घ्यायला हवा तितका मोठा आहे म्हणूनच वेगळ्या प्रतिसादासाठी ठेवला होता, आणि तुम्ही तो माझ्यापेक्षा नीट मांडलात.

पण माझा आक्षेप आहे तिथेच आहे. ही इज्जत कोणाची? पोने ज्या कर्जाला इज्जतीचं म्हटलं तीच ही इज्जत. बरोबरीच्या गोऱ्या सद्गृहस्थांनी एकमेकांना दिलेला शब्द. व्हर्जिनियाच्या कायद्यात काळ्या माणसाची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नसे. म्हणजे खोलीत रोज पहाटे येणारा माणूस, ज्याला त्या मुलाचं खरंखोटं सगळ्यात जास्त ठाऊक, त्याच्या शब्दाला कोर्टात किंमत शून्य. १८४२ नंतर प्राध्यापकांवरचे हल्ले कमी झाले हे खरं. पण १८५६ मध्ये एका विद्यार्थ्याने दहाएक वर्षांच्या गुलाम मुलीला बेशुद्ध पडेपर्यंत मारलं, आणि वरून आपण काही गैर केलं नाही असं प्राध्यापकांना सांगितलं. पोरं सुधारली ती आपल्या बरोबरीच्यांशी वागताना. हे सुधारणं लहान नाही, मान्य. पण अर्धं आहे.

चिंचपाला

पहाटे येणारा माणूस, असं आपण सगळे म्हणतोय. काहींची नावं नोंदलेली आहेत, ती घेऊ या.

लुईस कमोडोर. १८३२ मध्ये विद्यापीठाने त्याला लिलावात ५८० डॉलरला विकत घेतलं. रोटुंडाची देखभाल आणि घंटा वाजवणं हे त्याचं काम. ज्या घंटेवर पोरं उठत, वर्गात जात, ती त्याच्या हातात. पोरांचा दिवस तो चालवत होता आणि त्याच्या दिवसाचा मालक विद्यापीठ होतं.

कॅथरीन फॉस्टर, सगळे तिला किटी म्हणत. ती स्वतंत्र कृष्णवर्णीय बाई. धुलाई आणि शिवणकाम करायची, गिऱ्हाईक म्हणजे विद्यापीठातलीच मंडळी. १८३३ मध्ये तिने विद्यापीठाला लागून दोन एकरांच्या थोडी वर जमीन ४५० डॉलरला विकत घेतली. त्या काळात, त्या राज्यात, एका काळ्या बाईने. तिच्या लेकीनातींनी ती जागा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत राखली. १९९३ मध्ये गाड्या उभ्या करायची जागा वाढवायला खोदकाम काढलं तेव्हा तिथे कबरी सापडल्या.

विल्यम आणि इसाबेला गिबन्स. नवराबायको, पण वेगवेगळ्या प्राध्यापकांच्या घरी गुलाम. इसाबेला स्वयंपाकीण. दोघे गुलामीत असतानाच लिहायला-वाचायला शिकले. विद्यापीठाच्या आवारात, जिथे शेकडो गोरी मुलं पैसे भरून शिकत होती, तिथे या दोघांनी चोरून अक्षरं गोळा केली. गुलामी संपल्यावर विल्यम गावातल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चचा पाद्री झाला आणि इसाबेला मुक्त झालेल्यांच्या मुलांच्या शाळेत शिक्षिका झाली. मला विचाराल तर या विद्यापीठातून तयार झालेली सगळ्यात मोठी विद्यार्थिनी तीच.

विद्यापीठाच्या स्वतःच्याच अंदाजाप्रमाणे १८१७ ते १८६५ या काळात ४,००० च्या आसपास गुलाम माणसांनी तिथे काम केलं. त्यांचं स्मारक आता रोटुंडाजवळ उभं आहे, २०२० मध्ये पूर्ण झालं. दगडाच्या मोठ्या वर्तुळावर जितकी नावं सापडली तितकी कोरली आहेत. ज्यांचं नाव सापडलं नाही त्यांच्यासाठी दगडात नुसती खाच आहे. काही ठिकाणी नावाऐवजी फक्त काम किंवा नातं लिहिलेलं आहे. आणि इसाबेलाचे डोळे स्मारकाच्या बाहेरच्या बाजूला कोरले आहेत.

अवांतर, पण अगदीच अवांतर नाही: जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटून काम केलं त्यांना. पुण्यात बसून त्यांना हे दिसत होतं की शिक्षणाची दारं कुणासाठी उघडी आणि झाडलोट कुणाच्या वाट्याला, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

दवणा

फार दिवसांनी इतकं मन लावून एखादा धागा वाचला. चिंचपाला, इसाबेलाबद्दल लिहिलंत त्याबद्दल आभार.

त्याच शतकातली आपली एक विद्यार्थिनी इथे आली नाही तर चुकल्यासारखं होईल. आनंदीबाई जोशी. व्हर्जिनियात नव्हे, फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात. हे कॉलेज १८५० मध्ये बायकांना वैद्यक शिकवायलाच काढलेलं. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या. कार्पेंटर कुटुंबाने त्यांना न्यू जर्सीतल्या रोझेलला आपल्या घरी ठेवून घेतलं आणि शरदात कॉलेज सुरू झालं. तेव्हा त्या १८ वर्षांच्या.

त्यांचं विद्यार्थिजीवन कसं होतं? साडी, शाकाहार, स्वतःच्या हाताने स्वयंपाक, आणि फिलाडेल्फियाचा हिवाळा. त्यांच्या खोलीतली शेकोटी नीट पेटत नसे, सगळी खोली धुराने भरायची. धूर सोसायचा की गारठा, एवढाच पर्याय. इथे पहाटे येऊन आग पेटवणारं कुणी नव्हतं. त्या आजारी पडत गेल्या. तरी प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला आणि ११ मार्च १८८६ ला पदवी घेतली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पुढच्या वर्षी २६ फेब्रुवारीला पुण्यात आनंदीबाई गेल्या, वय २१.

कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांचं नाव मला घ्यायचंय. त्यांनी आनंदीबाईंची काळजी घेतली, आणि त्यांच्या काळात तिथे जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लाम्बुली याही शिकत होत्या. या तिघींचा आपापल्या देशाच्या पोशाखातला ऑक्टोबर १८८५ चा फोटो सगळ्यांनी पाहिला असेल. जेफरसनच्या विद्यापीठात त्याच वर्षी गोऱ्या मुलांशिवाय कुणीही नव्हतं. एकाच देशात, दोनअडीचशे मैलांवर.

सह्यवारा

दवणाताई, हे वाचून काटा आला.

यादवी युद्धाचं काय झालं मग? आणि धाग्याच्या नावात १८९५ का?

रानजाई

युद्धाचं थोडक्यात. १८६०-६१ मध्ये सहाशेच्या वर विद्यार्थी होते. वर्षभरातच बहुतेक जण दक्षिणेच्या फौजेत गेले आणि १८६२-६३ ला पन्नाससुद्धा उरले नाहीत. तरी वर्ग बंद झाले नाहीत. माजी विद्यार्थी धरून पाचशेच्या आसपास मेले. रोटुंडाचं काही काळ लष्करी रुग्णालय झालं. मार्च १८६५ मध्ये उत्तरेची फौज गावात आली तेव्हा प्राध्यापक पांढरा रुमाल घेऊन सामोरे गेले आणि इमारती वाचल्या. ही पोरं कोणत्या बाजूने आणि कशासाठी लढली हे लक्षात ठेवूनही, त्या रिकाम्या वर्गांबद्दल वाचताना मला वाईट वाटतं.

१८९५ म्हणजे आग. २७ ऑक्टोबर, रविवार सकाळ. रोटुंडाला मागे जोडलेल्या मोठ्या इमारतीत आग लागली. दोन्ही इमारतींमधला दुवा तोडायला एका प्राध्यापकाने डायनामाइट लावलं, पण आग थांबली नाही, उलट पसरली. विद्यार्थी आत घुसून पुस्तकं चादरींत भरभरून बाहेर आणत होते, वरून फेकत होते. जेफरसनचा संगमरवरी पुतळा त्यांनी गाद्यांवरून ओढत बाहेर काढला. पुतळा वाचला, बहुतेक पुस्तकं गेली. जेफरसनने स्वतः निवडलेली कितीतरी पुस्तकं त्यात होती. मला ती आग म्हणजे जुन्या विद्यापीठाचा शेवट वाटतो, म्हणून शीर्षकात ते साल.

आणि त्या सकाळी घंटा वाजवून लोकांना गोळा करणारा होता हेन्री मार्टिन. मॉन्टिसेलोवर गुलाम म्हणून जन्मलेला, तोही ४ जुलै १८२६ ला, म्हणजे जेफरसन गेला त्याच दिवशी, असं तो स्वतः सांगायचा. मुक्त झाल्यावर त्याने चाळीसेक वर्षं ती घंटा वाजवली. चिंचपाला, तुमच्या यादीत हे नाव जोडा.

उत्तररात्र

मार्टिनबद्दल माहीत नव्हतं. पुन्हा कधी पोची खोली बघायला गेलो तर घंटेची जागाही शोधेन.

मुली कधी आल्या व्हर्जिनियात?

रानजाई

१८९३ मध्ये कॅरोलाइन प्रेस्टन डेव्हिस हिने गणिताची परीक्षा दिली. वर्गात बसायची परवानगी नव्हती, नुसती परीक्षा. ती उत्तम गुणांनी पास झाली. पदवी दिली नाही, प्रमाणपत्र दिलं. त्यानंतर प्राध्यापकांनी ही वाटही बंद केली. पदव्युत्तर आणि व्यावसायिक शाखांत मुलींना १९२० मध्ये प्रवेश मिळाला, पदवीपूर्व वर्गांत मुलांच्या बरोबरीने १९७० मध्ये. पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी, ग्रेगरी स्वॉन्सन, १९५० मध्ये कायद्याच्या शाखेत, तोही कोर्टात जाऊन.

टाकदौत

१९७० वाचून थांबलो. ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजने कृष्णवर्णीय विद्यार्थी घ्यायचा निर्णय १८३५ मध्ये घेतला आणि १८३७ मध्ये चार मुलींना मुलांच्या बरोबरीने पदवीच्या वर्गात बसवलं. १८४१ मध्ये त्यांच्यातल्या तिघी पदवीधर झाल्या. म्हणजे त्या काळात दुसरं काही शक्यच नव्हतं, ही सबब चालत नाही. व्हर्जिनियात दंगली चालू होत्या तेव्हा दुसरीकडे हे होत होतं. तुमचं 'अर्धं' आता मला जास्त पटतंय.

रानजाई

ओबर्लिनवर स्वतंत्र धागा हवा. तिथे गरीब मुलांना शेतावर आणि मुलींना धुलाई-स्वयंपाकघरात काम करून फी फेडायची सोय होती, म्हणजे तिथली शेकोटी कोण पेटवायचं याचं उत्तर अगदी निराळं येतं. टाकदौत, तुम्ही सुरू करा, स्त्रीहक्कांसाठी लढणाऱ्या लुसी स्टोनवर मी लिहीन. ती तिथून १८४७ ची पदवीधर.